शिशाचे शिपाई सागवानी कपाटात मांडावेत का? (५४ मिमी, ठाणे, दमट हवा)

ठाणेकर_५४

घरी खेळण्यातल्या सैनिकांचा साडेतीनशे नगांचा संग्रह आहे. आजवर खोक्यांत होता. येत्या दिवाळीत मांडून याच छंदातल्या दहा-पंधरा जणांना बोलवायचं आहे. सुताराला काम देण्याआधी जाणकारांनी डोळ्यांखालून घालावं ही विनंती.

संग्रहात काय आहे: ५४ मिमीचे पोकळ ओतीव शिशाचे, ब्रिटेन्स या इंग्लिश कंपनीचे शिपाई २१० (पैकी घोडेस्वार ६०, मूळ लाल खोकी २२). एलास्टोलिनचे, म्हणजे भुशाच्या लगद्याचे जर्मन सैनिक ३५. प्लास्टिकचे ६०. दिवाळीच्या किल्ल्यावरचे माती-प्लास्टरचे मावळे ४५.

कपाट असं ठरवलंय: सागवानी प्लाय, दर्शनी बाजूला सनमायका, पुढे सरकत्या काचा. ९० सेमी रुंद, ३५ खोल, १५० उंच. पाठीला निळी मखमल चिकटवायची. पायऱ्या सनबोर्डच्या. काचांचे सांधे सिलिकॉननं. प्रत्येक फळीवर मागच्या बाजूनं एलईडी पट्टी. घर खाडीच्या बाजूला आहे, पावसाळ्यात आर्द्रतेचा मीटर ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही.

प्रश्न चार. यात काही चुकतंय का? सगळे एकाच कपाटात चालतील का? आठ-दहा शिपायांच्या तळाला पांढरी भुकटी दिसतेय, ती धूळ की आणखी काही? आणि आलेल्यांच्या हातात नग द्यावेत का?

तोफखाना

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

ती भुकटी बहुधा शिशाचा कार्बोनेट आहे. रंगाच्या दुकानात पूर्वी मिळायचा तो सफेदा तोच. सफेदा करायची जुनी पद्धत आठवा: मडक्यात व्हिनेगर, वर शिशाच्या पट्ट्या, आणि मडकी शेणखताच्या ढिगात पुरून ठेवायची. व्हिनेगरची वाफ, ऊब, ओल आणि खतातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, एवढ्यावर काही आठवड्यांत शिशाचा सफेदा व्हायचा. बंद लाकडी कपाटात शिपाई ठेवले की हाच कारखाना हळूहळू चालू होतो. लाकूड ॲसिटिक आम्लाची वाफ सोडतं, प्लायमधला डिंक फॉर्माल्डिहाइड सोडतो आणि त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं. यातली वाईट गोष्ट अशी की कार्बोनेट तयार होताना आम्ल खर्ची पडत नाही, पुन्हा मोकळं होऊन पुढच्या शिशाला लागतं. म्हणून थोडीशी वाफही वर्षानुवर्षं पुरते.

ओळख सोपी आहे. धूळ फुंकरीनं उडते. सफेदा खरखरीत असतो, रंगाखालून फुगवटे आणून पापुद्रा उचलतो, आणि बहुतेकदा तळाच्या रंग नसलेल्या भागातून किंवा टोपीवरच्या भोकातून सुरू होतो. हे भोक ओतकामातलं आहे. विल्यम ब्रिटेन यांनी १८९३ मध्ये पोकळ ओतीव सैनिक बाजारात आणले. साच्याला टेकलेला धातू गोठला की आतला पातळ धातू उलटा ओतून काढायचा, अशी ती रीत. त्यामुळे भिंत पातळ असते आणि आतून लागलेला रोग बाहेर दिसेपर्यंत बराच पुढे गेलेला असतो.

आत्ता काय करायचं: ते आठ-दहा नग लगेच वेगळे काढा. नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. कोरड्या ब्रशनं झटकू नका, घरातल्या व्हॅक्यूमनं ओढू नका, कारण ही भुकटी विषारी आहे आणि हवेत उडाली की घरभर बसते. कापसाचा बोळा मिनरल टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओला करून टिपून घ्या. आधी तळाच्या कोपऱ्यावर रंग सुटत नाही ना ते बघा. अल्कोहोल नको, जुनं वॉर्निश त्यात विरघळू शकतं. डिस्टिल्ड पाण्याचा मोह तर मुळीच नको. अतिशुद्ध पाणी स्वतःच शिसं खातं. व्हिनेगर, लिंबू, कॉस्टिक सोड्याचे घरगुती उपाय वाचाल. त्यात रंगही जातो आणि शिपाईही. भुकटीचा फुगवटा रंगाखाली असेल तर हात न लावता फक्त कोरड्या, आम्लमुक्त हवेत ठेवा. रोग थांबतो, गेलेला धातू परत येत नाही.

आता कपाट. तुमच्या यादीत शिशाचे शत्रू पाच आहेत.

सागवान ओक झाडाच्या लाकडाइतका वाईट नाही, पण निरुपद्रवीही नाही; आणि प्लाय म्हटल्यावर डिंक आलाच. सनमायका वाफ बरीच अडवते, पण कापलेल्या कडा, स्क्रूची भोकं आणि बिजागरीच्या खाचा उघड्याच राहतात. पॉलिश किंवा वॉर्निश मारून वाफ थांबत नाही. ऑइल पेंट तर वाळताना स्वतःच फॉर्मिक आम्ल सोडतो.

काचवाले सर्रास वापरतात ते सिलिकॉन सुकताना आंबट वास येतो. तो वास म्हणजेच ॲसिटिक आम्ल. नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा, आणि काम झाल्यावर आठवडाभर कपाट उघडं ठेवा.

सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. जुनं होताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. पायऱ्या ३ मिमीच्या ॲक्रिलिकच्या करा. नावाच्या पाट्या करणारे ॲक्रिलिक क्लोरोफॉर्मनं जोडतात, त्यामुळे तेही चार दिवस वाऱ्यावर ठेवून मग आत घ्या.

मखमलीपेक्षा ती चिकटवणारा पांढरा गोंद जास्त घातक आहे, तोही ॲसिटिक आम्ल सोडतो. पाठीला कापड हवंच असेल तर दोनदा धुतलेलं, पक्क्या रंगाचं सुती किंवा पॉलिस्टर कापड पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ताणून मागून शिवा. गोंद नको.

पाचवा शत्रू तुमची खाडी.

त्यामुळे लाकूड सोडा. पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियम सेक्शनचं कपाट फॅब्रिकेटरकडून करून घ्या. पावडर कोटिंग भट्टीत पूर्ण पकतं, मागाहून वाफ सोडत नाही. फळ्या ८ मिमी टफन काचेच्या. ९० सेमीच्या रुंदीला मधे एक आधार द्या. शिसं जड असतं: दहा पायदळ आणि दहा स्वार तोलून बघा, नगांच्या संख्येनं गुणा, आणि तो आकडा काचवाल्याला सांगा.

कासारआळी

वरचं रसायन मान्य. पण ज्यांच्याकडे लाकडी कपाट आधीच आहे आणि ते टाकून देणं शक्य नाही, त्यांच्यासाठी एक वेगळं मत. असं कपाट घट्ट बंद करू नका. खालच्या आणि वरच्या बाजूला मागून २०-२० मिमीची चार-चार भोकं पाडून त्यावर बारीक स्टीलची जाळी बसवा. वाफ साठण्यापेक्षा वाहून गेलेली बरी. धूळ थोडी जास्त बसेल. धूळ पुसता येते. आत ॲल्युमिनियमचा थर असलेली बॅरियर फिल्म सगळ्या लाकडी पृष्ठांना लावली, कडा ॲल्युमिनियम टेपनं बंद केल्या, तर बराच फरक पडतो.

सामान आत घेण्याआधी तपासायची एक पद्धत आहे. ब्रिटिश म्युझियमच्या ॲण्ड्र्यू ऑडी यांच्या नावानं ओळखली जाणारी चाचणी: बंद काचपात्रात चांदी, तांबं आणि शिसं यांचे तुकडे, संशयित पदार्थ आणि थोडं पाणी घालून ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचं. घरी एवढी काटेकोर होत नाही, पण ढोबळ रूप जमतं. मासेमारीच्या दुकानात गळाला लावायचं शिसं मिळतं. ते बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करा. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत कापडाचा, बोर्डाचा किंवा गोंद लावून वाळवलेल्या पट्टीचा दोनेक ग्रॅमचा तुकडा, शेजारी छोट्या कुपीत अर्धा मिली पाणी, आणि दोऱ्यानं टांगलेलं शिसं. दुसऱ्या बरणीत फक्त पाणी आणि शिसं. दोन्ही फ्रिजच्या वर, उबेत, सहा आठवडे. दुसरी बरणी ठेवायला विसरू नका; शिसं नुसत्या दमटपणानंही थोडं काळवंडतं, आणि तुलनेला काही नसलं की चांगला पदार्थही उगाच बाद होतो. पहिल्या बरणीत पांढरं आलं तर तो पदार्थ कपाटात नको.

ठाणेकर_५४

तोफखाना, कासारआळी, दोघांचेही आभार. लाकूड रद्द. फॅब्रिकेटरशी बोललो, ॲल्युमिनियम सेक्शन आणि पत्र्याची पाठ, मापं तीच. दोन शंका. सरकत्या काचा ठेवू की बिजागरीची दारं? आणि ओल शोषणारं सिलिका जेल किती लागेल? कुणी २०० ग्रॅम सांगतं, कुणी १० किलो.

तोफखाना

दोन्ही प्रश्न एकच आहेत: कपाट किती श्वास घेतं?

तुमच्या कपाटाचं आकारमान ०.४७ घनमीटर. २८ अंशांवर ८५ टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं, ४५ टक्क्यांना सुमारे १२. म्हणजे आतली हवा एकदा पूर्ण बदलली की जेलला सुमारे ५ ग्रॅम पाणी ओढावं लागतं. पूर्ण सुकवलेलं जेल ४५ टक्क्यांवर आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या भागाएवढं पाणी धरतं, तेव्हा २ किलो जेल ४०० ग्रॅम पाणी घेईल. हवा दिवसातून एकदा बदलत असेल तर ऐंशी दिवस, दहादा बदलत असेल तर आठ. म्हणून २०० ग्रॅम म्हणणारा आणि १० किलो म्हणणारा दोघंही आपापल्या कपाटापुरते बरोबर असू शकतात.

सरकत्या काचांमधली उभी फट कधीच बंद होत नाही. बिजागरीची दारं घ्या, चौकटीला सिलिकॉन रबराची पट्टी लावा आणि वर-खाली दोन ठिकाणी कुलूप, नाहीतर दार मधे वाकून फट सोडतं. परीक्षा अशी: रिकाम्या कपाटात २ किलो सुकं जेल ठेवा, मीटर काचेला लावा आणि आकडा पन्नासच्या वर चढायला किती दिवस लागतात ते मोजा. तेच तुमचं जेल सुकवायचं वेळापत्रक.

मीटरवर डोळे झाकून भरवसा नको. झाकणात मीठ घेऊन ते पाण्यानं ओल्या वाळूसारखं करा, मीटरसकट एका बंद डब्यात बारा तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तुमच्या ८५चे खरे ९० आहेत.

जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलं झालं की हिरवं होतं. निळ्याचं गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. फळीखाली पत्र्याचा कप्पा करून उथळ ट्रेमध्ये दोन सेंटिमीटरपेक्षा जाड थर न देता पसरा; पिशवीत कोंबलेल्या जेलचा आतला भाग कामच करत नाही. सुकवायला ओटीजीत ११० ते १२० अंश, तीन तास. दोन संच ठेवले की एक आत, एक ओव्हनमध्ये. शेजारच्या ट्रेमध्ये २०० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल ठेवा, आम्लाच्या वाफा तो धरतो. तो मात्र ओव्हनमध्ये ताजा होत नाही, दर सहा महिन्यांनी बदला.

आणि हे सगळं फक्त शिशासाठी. एलास्टोलिनला ४५च्या खाली नेऊ नका. लाकडाचा भुसा, सरस आणि आत तारेचा सांगाडा: फार कोरडं पडलं की लगदा आकसून तडकतो, दमट झालं की आतली तार गंजून फुगते आणि तेव्हाही तडकतोच. त्यांना ५०च्या आसपास स्थिर हवा लागते, म्हणून वेगळं छोटं कपाट. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

उजेड_सावली

दिव्यांबद्दल. एलईडी पट्टी फळीच्या मागच्या कडेला लावली तर शिपायांच्या पाठी उजळतात आणि टोपीच्या कडेखालचा चेहरा काळा पडतो. पट्टी पुढच्या वरच्या कडेला, ४५ अंशांत आत आणि मागे वळवलेल्या ॲल्युमिनियम चॅनलमध्ये, दुधी डिफ्यूझरसह लावा. डिफ्यूझर नसेल तर चकचकीत रंगावर प्रत्येक एलईडीचा एकेक ठिपका दिसतो. शंभर शिपायांच्या गालांवर सहा-सहा ठिपके, बघवत नाही. ३००० ते ४००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० किंवा वर. ४.८ वॉट प्रतिमीटरची पट्टी तीन फळ्यांना पुरते: २.७ मीटर म्हणजे १३ वॉट, १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॉप्टर निवांत चालतो. ॲडॉप्टर कपाटाबाहेरच ठेवा. आत ठेवला तर दिवे लावले की आतलं तापमान वर आणि आर्द्रता खाली, बंद केले की उलटं, असा रोजचा झोका सुरू होतो.

रंगवलेल्या शिशाला १५०-२०० लक्स चालतात. लाल खोक्यांच्या कागदाला ५०च्या वर नको. फोनवरचं लक्समीटर ॲप अचूक नसतं, पण दोन फळ्यांची तुलना करायला पुरतं. खोकी शिपायांबरोबर एकाच बंद कपाटात ठेवू नका, जुना पुठ्ठा आम्लधर्मी असतो. खोक्यात मूळ दोऱ्यानं बांधलेला संच असेल तर दोरा कापू नका. तो संच मोकळ्या हवेच्या फळीवर, झाकण शेजारी उघडं ठेवून मांडा.

मांडणी. ३५ सेमी खोलीत चार पायऱ्या बसतात: पायदळाला प्रत्येकी ७ सेमी खोल आणि ३.५ सेमी उंच, स्वारांना १० सेमी खोल. ९० सेमीत खांद्याला खांदा लावून बावीसेक पायदळ मावतात, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. २१० नग तीन फळ्यांवर बसतात खरे, पण बघणाऱ्याला लाल डगल्यांची भिंत दिसते. एका वेळी साठ-सत्तर मांडा, बाकीचे फिरते ठेवा. एका फळीला एकच विषय द्या. हिंदुस्थानी फौजेचे संच असतील तर सुरुवात तिथूनच करा: ४७ क्रमांकाचा स्किनर्स हॉर्सचा पिवळ्या डगल्यांचा संच मधे एकटा ठेवला तरी डोळा तिथेच जातो. २८ क्रमांकाची पहाडी तोफखान्याची खेचरं असतील तर तोफ जोडून ठेवू नका. नळी एका खेचरावर, चाकं दुसऱ्यावर, अशी सुटी लादलेली ठेवा. पहाडात तोफ नेतात कशी हे त्या रांगेतूनच कळतं. १९७ क्रमांकाच्या गुरख्यांना गडद हिरवा गणवेश आहे, निळ्या किंवा काळ्या पाठीवर ते गायब होतात. फिकट राखाडी पाठ सगळ्यांना चालते.

शिपाई उभे राहायला तळाला निळा चिकट पुटीन लावू नका, तेलाचा डाग सोडतो. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा मोहरीएवढा गोळा पुरे. काढताना वर ओढायचं नाही, हलकं फिरवायचं.

फोटो. मोबाइलची रुंद लेन्स जवळ नेली की डोकं मोठं आणि पाय बारीक येतात. दोनपट किंवा तीनपट लेन्सनं ४० सेमीवरून घ्या आणि नंतर कापा. कॅमेरा शिपायाच्या छातीच्या उंचीला. वरून घेतलेल्या फोटोत खेळणं दिसतं, समोरून घेतलेल्यात शिपाई. मॅक्रो लेन्स असेल तर एफ ८ ते ११, आयएसओ १००, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. स्वाराचा भाला आणि घोड्याचं शेपूट दोन्ही स्पष्ट हवं असेल तर फोकस सरकवत आठ-दहा फ्रेम जोडाव्या लागतात. दिव्यासमोर बटर पेपर ताणला की चकाकी मरते. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) आणि मिलिमीटरची पट्टी ठेवा. तळाचा फोटो प्रत्येक नगाचा हवाच, ओळखणारे लोक आधी तळच मागतात.

कुंभारवाडा

मावळ्यांकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते.

किल्ल्यावरची चित्रं (पुण्याकडे अजून हाच शब्द) शिशापेक्षा नाजूक असतात आणि लोकांना वाटतं की ती फक्त स्वस्त असतात. शाडूची आणि प्लास्टरची वेगळी करा: नखानं तळ खरवडला की प्लास्टर पांढरं आणि खडूसारखं, शाडू राखाडी. दोन्हींवरचा रंग बहुतेक पोस्टर कलर किंवा डिंकातला, म्हणजे पाण्यात विरघळणारा. ओला बोळा फिरवला की तलवार, मिशा आणि चेहरा एकत्र होतात. मऊ केसांचा सहा नंबरचा ब्रश आणि लेन्स साफ करायचा रबरी फुगा, बस्स. चकाकी यावी म्हणून वॉर्निशचा फवारा मारणारे मारतात. ते नंतर पिवळं पडतं आणि काढता येत नाही.

भाला-तलवारीची तार हाताच्या आतपर्यंत गेलेली असते. दमट हवेत ती गंजते, फुगते आणि मनगट तडकतं. तुटलेला हात झटपट चिकटणाऱ्या ग्लूनं जोडू नका. प्लास्टर तो शोषून घेतं, कड काळपट आणि काचेसारखी होते, पुन्हा कधी सोडवता येत नाही. पॅरालॉइड बी-७२ हे रेझिन ॲसिटोनमध्ये घट्ट विरघळवून वापरा. पुढे ॲसिटोननं सुटतं, हाच त्याचा गुण.

वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची सवय मोडा, शाई चेहऱ्यावर उतरते. धुतलेलं जुनं मलमल उत्तम. डांबरगोळ्या कुठेच नकोत. मातीला त्यांचा उपयोग नाही, आणि शेजारच्या डब्यात पॉलिस्टायरिनचे प्लास्टिक सैनिक असतील तर ते त्या वाफेनं मऊ पडतात.

दिवाळीत किल्ला करणार असालच. हळीव पेरलेल्या ओल्या मातीवर संग्रहातला मावळा थेट ठेवू नका, तळ पाणी पितो आणि आठवड्यात पाय गळतात. प्रत्येकाखाली ४ सेमी व्यासाची ३ मिमी ॲक्रिलिकची चकती ठेवून वर चिमूटभर कोरडी माती भुरभुरा, चकती दिसत नाही. सकाळी मांडा, रात्री उचला. फटाक्यांच्या संध्याकाळी खिडक्या बंद. ज्यांना किल्ला पाच दिवस जागेवरच हवा त्यांनी त्यासाठी बाजारातून ताजी चित्रं आणावीत. ती त्याचसाठी असतात.

प्लास्टिकबद्दल दोन ओळी. मऊ पीव्हीसीचे सैनिक ॲक्रिलिकच्या पायरीवर थेट ठेवले की त्यातलं तेल उतरून पायरीवर पाऊल उमटतं; मधे पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म घाला. आणि एखाद्या जुन्या प्लास्टिक सैनिकाला व्हिनेगरचा वास येत असेल तर तो सेल्युलोज ॲसिटेटचा आहे. त्याला शिशाच्या कपाटातून आजच्या आज बाहेर काढा.

बोरीबंदर

पाहुण्यांच्या दिवसाबद्दल.

पंधरा जण एकदम बोलावू नका. ९० सेमीच्या कपाटापुढे तीन माणसं नीट उभी राहतात. पाच-पाचच्या तीन तुकड्या, प्रत्येकी पाऊण तास. सॅक, छत्र्या, ओढण्या, लोंबकळणारे कॅमेऱ्याचे पट्टे बाहेरच्या खोलीत. चहा-फराळही बाहेरच, कारण शिसं हाताळलेल्या हातानं चकली खायची नसते. कपाट उघडं असताना पंखा बंद. प्लास्टिकचे हलके नग वाऱ्यानं पडतात आणि एक पडला की रांग जाते.

हातात द्यावेत का? द्या, पण कपाटातले नाहीत. वेगळ्या टेबलावर दुहेरी असलेले, रंग पक्का असलेले दहा-बारा नग ठेवा. खाली जाड पॉलिस्टर फ्लीस, काठ असलेला ट्रे. नियम थोडेच: अंगठ्या-बांगड्या काढायच्या, नग ट्रेच्या वरच धरायचा, एका वेळी एकच. पायदळ तळाला आणि कमरेला धरा, स्वार घोड्याच्या पोटाला. भाला, तलवार, घोड्याचा पाय इथं बोट नाही. ब्रिटेन्सच्या कित्येक नगांचा एक हात खिळीवर फिरतो. तो फिरवून बघायची प्रत्येकाला खाज असते, आणि खिळीची पाकळी तिथेच तुटते. एक जोडी हात फिरवायला म्हणूनच वेगळी ठेवा. आधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे. लहान मुलांना शिशाचे नग नाहीत, त्यांच्यासाठी प्लास्टिकचे साठ आहेतच.

अदलाबदलीचं टेबल वेगळं आणि शेवटी. प्रत्येक नगाला चिठ्ठी: संच क्रमांक, पुन्हा रंगवलेला आहे का, कुठला भाग बदलला आहे. यूव्ही टॉर्च जवळ ठेवा. नंतरचा रंग किंवा चिकटवलेला सांधा पुष्कळदा वेगळा चमकतो. तो पुरावा नव्हे, संशयाची जागा फक्त.

ऑनलाइन फोटो टाकताना लोकेशनची माहिती काढून टाका, खिडकीबाहेरचं दृश्य आणि कुलपाची बाजू फ्रेममध्ये नको. यादी एक्सेलमध्ये: क्रमांक, बनावट, संच, उंची, साहित्य, स्थिती, दुरुस्ती, खोकं, कुठून कधी किती रुपयांना, कपाटातली जागा, फोटोंची नावं. घराचा विमा असेल तर ही यादी कंपनीला देऊन संग्रह वेगळा नोंदवून घ्या. नुसतं ‘घरातलं सामान’ म्हटल्यावर शिपाई खेळण्यांच्या भावात मोजले जातात.

परदेशातल्या कुणाशी अदलाबदल ठरली तर एक अडचण लक्षात ठेवा. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षं पुऱ्या झालेल्या वस्तूंना लागू होऊ शकतो, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमच्याकडे ब्रिटेन्सचे सुरुवातीचे नग असतील तर ते या वयाचे झालेत. पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.

पाठवताना पिवळा स्पंज नको, तो काही वर्षांत चिकट चुरा होतो. ईपीई फोमचे थर घ्या, नगाच्या आकाराची खाच कापा, भाल्यासाठी पुढे दोन सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. नग आधी आम्लमुक्त टिश्यूत गुंडाळा. डबा हलवून बघा. आवाज आला तर पुन्हा उघडा.

ठाणेकर_५४

सर्वांचे आभार. एलास्टोलिन आणि मावळे वेगळ्या कपाटात, प्लास्टिक मोकळ्या फळीवर. शेवटचं एक: यादीतला क्रमांक नगावर लिहायचा कसा? स्टिकर लावले तर चालतील?

तोफखाना

स्टिकर नको, त्याचा डिंक रंगाबरोबर निघतो. तळाला उघडा, चकचकीत, रोग नसलेला धातू असेल तरच तिथे १ सेमीची पॅरालॉइडची पातळ पट्टी मारा. वाळली की शाईच्या बारीक पेननं क्रमांक, वर पुन्हा एक पातळ हात. छापील मजकूर झाकायचा नाही. ॲसिटोनचा थेंब रंगावर ओघळू नये म्हणून नग उलटा धरूनच काम करा. तळावर रंग असेल किंवा पांढरं दिसत असेल तर काहीच लिहू नका. पांढऱ्या सुती दोऱ्याला आम्लमुक्त कागदाची चिठ्ठी बांधून ती घोड्याच्या पोटाभोवती सैल अडकवा, आणि मांडताना चिठ्ठी पायरीच्या मागे सोडा.